मामांच्या दुकानाचं डॉट कॉम डोमेन एक्स्पायर झालंय, परत मिळेल का? अर्जंट

चिंचपोकळीची_भाची

नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सरळ विषयावर येते. लालबागला माझ्या मामांचं मसाल्याचं दुकान आहे, आत्ता ऐन सीझन, मिरची कुटून घ्यायला सकाळपासून रांग असते आणि नेमकी याच आठवड्यात वेबसाइट बंद पडलीये. पत्ता टाकला की आमच्या पानाऐवजी कसल्यातरी जाहिरातींचं पान येतं. दुकानाचा ईमेलही त्याच नावावर आहे, तोही ठप्प. बाहेरगावची जुनी गिऱ्हाइकं वर्षाच्या मसाल्याची ऑर्डर मेलवरच पाठवतात, बेडगी किती, संकेश्वरी किती, तीळ-खसखस घालायचं का नाही सगळं लिहून, ते आता कुठे जातंय काही कळायला मार्ग नाही.

साइट ज्या मुलाने बनवली त्यानेच डोमेन, म्हणजे साइटचं डॉट कॉम नाव, घेतलं होतं, दरवर्षी मामांकडून पैसे घ्यायचा आणि बिल पाठवायचा. यंदाचे पैसेही त्याला दिलेत, यूपीआयला दिसतायत. आता फोन उचलत नाही. मामांना रिन्यूअलचा एकही मेल आलेला नाही. मी दुसऱ्या एका कंपनीच्या साइटवर आमचं नाव टाकून बघितलं तर उपलब्ध नाही असं येतंय, म्हणजे कोणी उचललं का? दुसरं नाव घ्या असं प्लीज सांगू नका, पाकिटांचा नवा लॉट छापून आलाय आणि प्रत्येक पाकिटावर हाच पत्ता आहे.

विक्रोळी_नाइटशिफ्ट

ताई, उपलब्ध नाही दिसतंय हे चांगलं आहे, घाबरू नका. मी होस्टिंग सपोर्टला आहे, अशा केसेस रोज बघतो. डॉट कॉम एक्स्पायर झालं की लगेच बाजारात येत नाही, ते बऱ्याच टप्प्यांतून जातं आणि सगळा खेळ तुम्ही आत्ता कुठल्या टप्प्यावर आहात यावर आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी एक काम करा, आयकॅन म्हणजे डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था, तिची लुकअपची साइट आहे तिथे नाव टाका आणि स्टेटस म्हणून जे शब्द येतील ते इथे जसेच्या तसे लिहा. रजिस्ट्रार, म्हणजे जिच्याकडून नाव घेतलंय ती, म्हणून कुठली कंपनी दिसते तेही बघून ठेवा, कारण रिन्यू तिथेच होणार, दुसऱ्या कंपनीकडे जाऊन काही उपयोग नाही.

आणि एक, या दिवसांत "तुमचं डोमेन संपलंय, इथे पैसे भरा" असे मेल आणि फोन येतील. रजिस्ट्रारचं नाव लुकअपमध्ये दिसतं त्याच्याशी जुळत नसेल तर एक रुपया देऊ नका.

चिंचपोकळीची_भाची

बघितलं. स्टेटसमध्ये ऑटो रिन्यू पिरियड असं आलंय. पण गंमत अशी की एक्स्पायरीची तारीख चक्क पुढच्या वर्षीची दाखवतंय! मग संपलंय कसं? मामा म्हणतात त्या मुलाने पैसे भरलेत आणि आपण उगाच त्याच्यावर संशय घेतोय.

विक्रोळी_नाइटशिफ्ट

या तारखेने भलेभले फसतात. डॉट कॉमची मूळ नोंदवही ज्या रजिस्ट्रीकडे असते ती मुदत संपली की नाव आपोआप एक वर्ष पुढे ढकलते, गिऱ्हाइकाचे पैसे आलेत की नाही हे तिला माहीत नसतं, ती ते रजिस्ट्रारवर सोडते. रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत मुभा असते, गिऱ्हाइकाने पैसे भरले नाहीत तर त्याने नाव डिलीट करून टाकायचं आणि रजिस्ट्रीकडून स्वतःचे पैसे परत घ्यायचे. ऑटो रिन्यू पिरियड म्हणजे हेच ४५ दिवस. जाहिरातींचं पान येतंय म्हणजे रजिस्ट्रारने स्वतः नाव तिकडे वळवलंय, पैसे पोचले नाहीत की बहुतेक वेळा हेच करतात. तेव्हा तारखेवर जाऊ नका, पैसे भरलेले नाहीत असंच धरून चाला.

बरं यात दिलासा असा की आत्ता बहुतेक रजिस्ट्रार नेहमीच्याच दरात रिन्यू करून देतात. इथून पुढे गेलात तर स्टेटस रिडेम्प्शन पिरियड होईल, तो ३० दिवसांचा, त्यातही नाव तुम्हालाच परत मिळतं पण वर दंडासारखी रिस्टोअर फी लागते आणि ती रिन्यूअलच्या कित्येक पट असते. त्यानंतर ५ दिवस पेंडिंग डिलीट, त्यात कोणाचंच काही चालत नाही, आणि मग नाव मोकळं. मोकळं झाल्यावर आपण हाताने टाइप करून मिळवू असं समजू नका, चांगल्या नावांवर सॉफ्टवेअर टपून असतात.

पण ४५ दिवस आहेत म्हणून निवांत राहू नका हां. ४५ ही वरची मर्यादा आहे, रजिस्ट्रार त्याआधीही सोडू शकतो आणि बरेच जण मधल्या काळात नाव लिलावाला लावतात. आयकॅनचा नियम असा आहे की गिऱ्हाइकाला रिन्यू करता येण्याचे जे शेवटचे ८ दिवस असतात त्यात तरी साइट बंद ठेवायलाच हवी, म्हणजे माणसाला काहीतरी बिघडलंय हे कळावं. काही जण पहिल्या दिवसापासून बंद करतात, काही थेट शेवटी. तुमची याच आठवड्यात पडलीये, तेव्हा आजच हालचाल करा.

गिरगावकर

नाइटशिफ्टने टेक्निकल बाजू नीट सांगितली, पण खरी अडचण खातं त्या मुलाचं आहे ही आहे. मेल का आले नाहीत त्याचंही उत्तर तेच. रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत अशा सूचना पाठवाव्याच लागतात, पण त्या खात्यावर नोंदलेल्या पत्त्यावर जातात आणि तो पत्ता मामांचा नाहीच.

माझ्या ओळखीतल्या दोन छोट्या धंद्यांचं असंच अडकलं होतं, दोन्ही सुटलं, म्हणून सांगतो. पैसे भरणं आणि मालकी मिळवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आज फक्त पैसे भरले जातील एवढं बघा, भांडण नंतर. काही रजिस्ट्रार खात्याबाहेरच्या माणसालाही रिन्यूअलचे पैसे भरू देतात, सपोर्टला चॅटवर गाठून पेमेंटची लिंक मागा. यात नवीन काही नाही, १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम असंच रिन्यू व्हायचं राहिलं आणि लॉगिन त्यावरूनच चालायचं म्हणून लोकांना हॉटमेलच्या मेलमध्ये जाता येईना, तेव्हा एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि गाडी रुळावर आली. नाव मायक्रोसॉफ्टचंच राहिलं. मात्र हेही लक्षात ठेवा की तुम्ही पैसे भरलेत म्हणून डोमेन मामांचं होत नाही.

मालकीसाठी कागद जमवा. गुमास्ता लायसन्स, जीएसटी सर्टिफिकेट, त्या मुलाने दिलेली सगळी जुनी बिलं, यूपीआयच्या पावत्या आणि छापील पाकिटाचा फोटो. त्या मुलालाही सौम्य शब्दांत लेखी मेसेज करा, व्हॉट्सअॅपवर चालेल, की डोमेन मामांच्या खात्यात द्या. उगाच पोलिसांची धमकी देऊ नका, दहातल्या नऊ वेळा माणूस नोकरीला लागलेला असतो आणि हे काम त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं.

पार्लेकरीण

तो मुलगा खात्यात ऑटो रिन्यू, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे जायची सोय, चालू आहे म्हणाला होता का? कारण तेही असू शकतं. रजिस्ट्रार परदेशी असेल तर सेव्ह केलेल्या भारतीय कार्डावरून दरवर्षी आपोआप पैसे जातील याच्यावर विसंबून राहता येत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे आपोआप पैसे कापायला आधी परवानगी नोंदवायचा नियम आहे, मँडेट नीट नोंदवलेला नसेल तर बँक व्यवहार नाकारते. खात्यात ऑटो रिन्यू ऑन दिसतं, मुलगा बिचारा निर्धास्त असतो आणि पैसे गेलेलेच नसतात. त्याने फसवलंय असं धरून चालू नका एवढंच.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या ईमेलची वाटते. जीएसटी पोर्टलचे ओटीपी, बँकेचे मेल, एफएसएसएआयचं लायसन्स हे सगळं दुकानाच्या त्याच मेलवर नोंदवलंय का? असेल तर आज रात्रीच जिथे जिथे बदलता येईल तिथे बदला. उद्या नाव दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं तर तो त्याच नावाचा मेलबॉक्स उघडू शकतो, आणि मग पासवर्ड रिसेटचा मेल त्याच्याकडे जाणार. साइट चार दिवस बंद राहिली तर ऑर्डरी बुडतील, पण हे झालं तर दुकानाच्या चाव्याच गेल्या.

नाव गेल्यावर परत मिळवायला यूडीआरपी म्हणून तक्रारीची सोय आहे, पण त्यात ट्रेडमार्कचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दोन्ही सिद्ध करावं लागतं आणि अशा तक्रारी चालवणाऱ्या वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे एका पंचाची फीच १५०० डॉलर आहे. मसाल्याच्या दुकानाला हे परवडणारं नाही, म्हणून आत्ताच धावपळ करा.

चिंचपोकळीची_भाची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रजिस्ट्रारच्या चॅटवर बराच वेळ बसले, त्यांनी लिंक दिली, नेहमीच्याच दरात पैसे भरून झाले. माझ्या फोनवर साइट उघडते पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजून तेच जाहिरातींचं पान दिसतंय, मामा म्हणतात काही झालेलंच नाही. तो मुलगाही बोलला एकदाचा, बंगळुरूला नोकरीला आहे, खातं द्यायला तयार आहे. आता मी नाव आपल्या नेहमीच्या होस्टिंगवाल्याकडे ट्रान्सफर करून टाकू का?

विक्रोळी_नाइटशिफ्ट

वा, बरं वाटलं वाचून. दुकानातल्या कॉम्प्युटरचं टेन्शन घेऊ नका, नाव कुठल्या साइटकडे न्यायचं हे सांगणारा तो नेमसर्व्हर, आणि डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची नोंद ४८ तासांपर्यंत साठवलेली राहू शकते, त्यामुळे कोणाला आधी दिसतं कोणाला नंतर. दोन दिवसांनीही तेच पान दिसलं तर खात्यात जाऊन नेमसर्व्हर तपासा, मधल्या काळात रजिस्ट्रारने स्वतःचे टाकलेले असतात आणि ते क्वचित तसेच राहतात. मेल सुरू झाला की जुन्या गिऱ्हाइकांना एक मेसेज टाका की या आठवड्यात पाठवलेली ऑर्डर पुन्हा पाठवा, कारण बऱ्याच जणांचे मेल परत गेले असतील आणि ते आपसूक पुन्हा येणार नाहीत.

ट्रान्सफर आत्ता नको. त्या ४५ दिवसांच्या आत नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेलं तर आत्ता भरलेलं वर्ष फुकट जाऊ शकतं. त्याऐवजी त्याच कंपनीत मामांच्या नावाने खातं काढा आणि त्या मुलाला डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगा, त्याला ट्रान्सफर म्हणत नाहीत, काही मिनिटांचं काम असतं. नवीन खात्याला ईमेल देताना दुकानाच्या डोमेनवरचा देऊ नका, साधा जीमेल द्या आणि फोन नंबर मामांचा. आणि जमत असेल तर एकदम काही वर्षांचे पैसे भरून ठेवा, डॉट कॉमला १० वर्षांपर्यंत भरता येतात.

तो मुलगा आज बोलतोय तर आजच ढकलून घ्या, उद्यावर टाकू नका.