विम्याचा आकडा कुठून आणता ते बघा
पालिकेच्या विम्याबद्दल "पॉलिसी काढली, प्रीमियम भरला की पालिकेचं काम झालं" असं म्हणतात, ते अर्धंच पटलं. खरी गोची विम्याच्या रकमेत असते. मी नगरपालिकेत लेखा विभागात होतो, तिथे इमारतींचा आकडा थेट मालमत्ता नोंदवहीतून उचलायचे, म्हणजे घसारा (जुनेपणामुळे कमी धरलेली किंमत) वजा जाऊन उरलेला, आज तेवढ्यात कंपाउंडची भिंतपण होणार नाही! मग नाल्याचं पाणी घुसलं आणि नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने ॲव्हरेज क्लॉज लावला, म्हणजे विमा कमी रकमेचा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापायची अट. आता बघा, २ कोटींची इमारत १ कोटीला इन्शुअर केलीय तर २० लाखांच्या नुकसानीला हातात १० लाखच, आणि वरून ऑडिटवाले विचारणार ते वेगळंच.

कर्मचाऱ्यांच्या ग्रुप मेडिक्लेमचंही तसंच. नवीन माणूस लागला किंवा कुणाला बाळ झालं तर नाव कळवून एंडोर्समेंट (पॉलिसीत नाव जोडल्याची नोंद) घ्यावी लागते, तीही विमा कंपनीकडच्या सीडी अकाउंटमध्ये (कॅश डिपॉझिट, म्हणजे प्रीमियमसाठी आगाऊ ठेवलेले पैसे) पैसे शिल्लक असतील तरच, कारण विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे आधी प्रीमियम मग कव्हर. आमच्याकडे दर महिन्याच्या पगारपत्रकासोबतच ही यादी पाठवायला लागलो तेव्हा कुठे सफाई कामगारांचे क्लेम अडकायचे थांबले.