मागची डावी बाजू बसली आहे, उंची वाढत नाही – मदत हवी आहे

चाकधारी
मंडळी, गाडी मागून डावीकडे १८ मिमी खाली आहे. उंचीचा ॲडजस्टर शेवटपर्यंत फिरवून झाला, आता पुढे जात नाही. टॉर्शन बारचा (स्प्रिंगऐवजी पीळ घेऊन गाडी तोलणारा दांडा) टोकावरचा एक दाता फिरवला तर किती मिमी फरक पडतो, एवढंच सांगा. शनिवारी काम काढायचं आहे.

स्प्लाइन४४
गाडी कोणती? टॉर्शन बार म्हणजे जुनी पोर्शे असेल, पण ९११ की ९४४? साल? स्प्रिंग प्लेट (बारपासून चाकाकडे जाणारी पट्टी) एकसंध की दोन तुकड्यांची? आणि १८ मिमी कुठून कुठपर्यंत मोजलेत?

चाकधारी
९११ एससी, १९८१. ॲडजस्टर आहे म्हणजे प्लेट दोन तुकड्यांचीच. माप जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत. दात्याचं उत्तर राहिलं.

कॉइलवाला
दाते मोजत बसू नका. टॉर्शन बार काढा, मागे कॉइलओव्हर (शॉकअपवरच बसवलेली स्प्रिंग) टाका. कॉलर फिरवली की हवी ती उंची, परत कधी कव्हर उघडायला नको.

स्प्लाइन४४
@कॉइलवाला, एससीमध्ये मागच्या शॉकअपची वरची जागा फक्त शॉकअपसाठी बनवलेली आहे. गाडीचा भार तिथे टाकायचा तर आधी वेल्डिंग करून ती मजबूत करावी लागते. एका बाजूच्या झुकावासाठी एवढा खटाटोप कशाला?

@चाकधारी, दात्याचं उत्तर: बारच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेर एक दाता म्हणजे ८ अंश ११ मिनिटे. फक्त आतला एक दाता सरकवलात तर चाकापाशी सुमारे ७० मिमी फरक पडेल. म्हणून आत एक दाता एका दिशेने आणि बाहेर एक दाता उलट दिशेने घ्यायचा. निव्वळ फरक जेमतेम ५० मिनिटांचा, उंचीत ६ ते ७ मिमी. हा एक टप्पा.

पण मडगार्डच्या मापावर बार उपसू नका. या गाड्यांचा पत्रा डावी-उजवीकडे सारखा असेलच असं नाही, ठोकून दुरुस्त केलेला असेल तर नाहीच. चाकाच्या मध्याची उंची घ्या, टॉर्शन ट्यूबच्या (बार ज्या नळीत असतो तिच्या) मध्याची घ्या, वजाबाकी करा. टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर, हवा पुढे २.० आणि मागे २.४ बार. जॅकवरून उतरवल्यावर टायर आत ओढलेले राहतात आणि गाडी उंच दिसते. पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला, बंपर दोनदा दाबा, मगच मोजा.

पुढचा_दांडा
उंचीचं काम सोपं आहे. पुढच्या टॉर्शन बारच्या मागच्या टोकाला खालून स्क्रू दिसतो. आत फिरवला की गाडी उचलते, बाहेर घेतला की बसते. चाकं हवेत ठेवूनच फिरवा, भार असताना आटे खराब होतात.

चाकधारी
पुढचं नाही, मागचं विचारतोय. मागे तसा स्क्रू नाही.
नव्या पद्धतीने मोजलं, फरक ११ मिमी.

स्प्लाइन४४
म्हणजे १८ पैकी ७ पत्र्याचे होते. आता @पुढचा_दांडा यांनी सांगितलेले स्क्रू बघा. दोन्हीकडे आटे सारखे बाहेर आहेत का? पुढचा उजवा जास्त ताणलेला असेल तर भार कर्णात जातो, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा. मागची डावी बाजू त्यानेही बसते. अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणारा, दोन्ही चाकं जोडणारा दांडा) दुवे पुढचे-मागचे दोन्ही सोडून तपासा, नाहीतर तो बारच एक बाजू धरून ठेवतो.

चाकधारी
उजवा स्क्रू चार-साडेचार आटे जास्त आत होता. दोन्ही सारखे केले, दुवे सोडले, ढकलून मोजलं. मागे अजून ८ मिमी फरक.

रबर_बूश
बूश (प्लेटभोवतीचं रबर) पाहिलेत का कुणी? प्लेटवरच्या चार बोल्टांच्या कव्हरमध्ये प्लेटचा गोल भाग मधोमध बसलाय का? वर किती रबर दिसतं आणि खाली किती?

चाकधारी
डावीकडे वर ५ मिमी, खाली ९. उजवीकडे दोन्हीकडे ७.

रबर_बूश
मग डावा बूश मेला. बॉडीचा भार कव्हरमधून खाली येतो, म्हणून वरचं रबर दबतं. मध्य २ मिमी सरकलाय, तेवढी गाडी खाली. कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेरचा कल) बिघडलेला असणार. बूश दोन्हीकडचे बदला. मूळ रबर प्लेटवर व्हल्कनाइझ केलेलं (उष्णतेने पक्कं चिकटवलेलं) असतं, ते कापून-खरवडून काढावं लागतं. मी पॉलियुरेथेन सुचवेन.

कॉइलवाला
पॉलियुरेथेन करकरतं.

रबर_बूश
कोरडं बसवलं तर करकरतं. सोबतचं ग्रीस आत-बाहेर दोन्हीकडे लावलं आणि प्लेटचा गोल भाग गुळगुळीत पॉलिश केला तर नाही. रबराचे कण राहिले तर मात्र बूश अडकतो आणि गाडी एका उंचीवर नीट बसतच नाही.

स्प्लाइन४४
८ मधले २ बूशचे. उरले ६, म्हणजे एक टप्पा. तरी मी दोन टप्पे घ्यायला सांगेन, आतला बार दोन दाते आणि बाहेरची प्लेट उलट दोन दाते. सुमारे १३ मिमी वर येईल. मग उंचीचा एक्सेंट्रिक, म्हणजे तुमचा ॲडजस्टर, मागे घेऊन गाडी खाली आणा. तो मधल्या जागेवर राहील, पुढे दोन्हीकडे वाव मिळेल. एका टप्प्यात बसेल खरी, पण एक्सेंट्रिक शेवटालाच राहील आणि पुढच्या वेळी हाच धागा पुन्हा निघेल.

क्रम असा. गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या, चाक काढा. शॉकअपचा खालचा बोल्ट आणि प्लेट आणि ट्रेलिंग आर्म (चाक धरणारा दांडा) जोडणारे बोल्ट सोडा. त्याआधी टो (चाकाची पुढे आत-बाहेर वळलेली दिशा) आणि कॅम्बरच्या एक्सेंट्रिकवर टोकदार हत्याराने रेषा मारा, रंग ब्रेक क्लीनरने निघून जातो. उघड्या प्लेटचा कोन दरवाजाच्या उंबऱ्याच्या तुलनेत अँगल मीटरने लिहून ठेवा. काम झाल्यावर पडताळायला हा एकच भरवशाचा आकडा आहे. कव्हर काढताना प्लेट खालच्या ओठावर ताणलेली असते, ती सुटली की हात चिरडतो. खाली जॅक ठेवा, चारपैकी समोरासमोरचे दोन बोल्ट लांब घालून हळूहळू सोडत या. उंची वाढवायची म्हणजे मोकळी प्लेट आधीपेक्षा जास्त खाली लटकली पाहिजे. दिशा चुकली तर गाडी तेवढीच खाली जाते.

बारवर ओरखडा पडू देऊ नका, तिथेच गंज धरतो आणि तडा जातो. रंग उडाला असेल तर लावा, दात्यांना लिथियम ग्रीस. आणि डावा बार डावीकडेच, टोकावर खूण असते. एकाच दिशेचा पीळ दिलेला असतो, अदलाबदल केली तर तुटतो.

चाकधारी
शनिवारी फक्त उघडतो, बूश मागवले आहेत. शेवटचं माप लगेच घ्यायचं?

रबर_बूश
१०० किमी चालवा, मग मोजा. नवे बूश थोडे बसतात. टो-कॅम्बर त्यानंतर, कारण मागची उंची बदलली की दोन्ही बदलतात.