बार्शी लाईटचा रूळ अडीच फुटीच का होता?

सीनाकाठ:
आमचे मूळ गाव बार्शी तालुक्यातले असल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'बार्शी लाईट', म्हणजे कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी जुनी छोटी रेल्वे, अजूनही अधूनमधून येते. मुंबईच्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचे, सामान उचलून पलीकडच्या फलाटावर जायचे आणि त्या बुटक्या डब्यांच्या गाडीत जागा धरायची, हे मलाही लहानपणीचे आठवते. मुंबईहून येणारा मुख्य मार्ग १८६० सालीच सोलापूरला पोहोचला होता. मग त्याच मार्गावरच्या कुर्डुवाडीहून जेमतेम ३५ किलोमीटरवर असलेल्या बार्शीला तोच रुंद रूळ न नेता अडीच फुटी रूळ (दोन रुळांत अडीच फूट अंतर) का टाकला? 'नेटिवांना एवढे पुरे' अशा वृत्तीने तो टाकला, असे आमच्याकडे सर्रास सांगतात. त्यात तथ्य किती?

रूळमापे:
वृत्तीविषयी मी बोलणार नाही, पण हा रूळ अरुंद ठेवण्यामागे पक्का हिशेब होता. बार्शी ही कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ होती आणि बालाघाटाकडचा, म्हणजे निजामाच्या मुलखातला माल तिथे उतरत असे. तिथून मुख्य मार्गावर यायचे तर बैलगाडीशिवाय साधन नव्हते. ज्या स्थानकावर हा माल चढे त्या कुर्डुवाडीचे नावही तेव्हा 'बार्शी रोड' असेच होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे अभियंते १८८२ साली मुंबई-सोलापूर मुख्य मार्ग चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत आले आणि पुढे त्यांनी याच मार्गाचा ध्यास घेतला. १८९५ साली कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली गाडी धावू लागली.

त्यांची खरी कल्पना रुळाच्या रुंदीपेक्षा वजनाच्या वाटणीची होती. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, चाकांच्या कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा नियम त्यांनी घालून घेतला. त्यामुळे एका यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला आणि बांधकामाचा खर्च आटोक्यात आला. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालकचाके होती आणि मागे आणखी चार चाके होती, म्हणजे सहा आसांवर मिळून तीस टनांच्या आत वजन. इंजिन मोठे, पण रुळाला हलके. फाटा १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर झाली. निव्वळ कंजूषपणाने टाकलेला रूळ इतका वाढत गेला नसता.

आडतकर:
वरील माहिती योग्य आहे, परंतु हा हिशेब कंपनीच्या वहीतला आहे. व्यापाऱ्याच्या वहीत त्याची दुसरी बाजू दिसते. आमच्या आजोबांची लातूरला आडत होती. मुंबईला जाणारे प्रत्येक पोते लातूरला एकदा चढे, कुर्डुवाडीला छोट्या डब्यातून उतरे आणि पुन्हा मोठ्या वाघिणीत चढे. दर चढउतारीला हमाली लागे, आकड्याने पोती फाटत आणि धान्य सांडे. आजोबा पोत्यांच्या तोंडाला दुहेरी शिलाई घालून घेत, ती केवळ कुर्डुवाडीसाठी. बांधताना वाचलेला पैसा असा पुढची कित्येक वर्षे थोडा थोडा करून आमच्यासारख्यांकडून वसूल झाला, असे माझे मत आहे. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली, तरी ही चढउतार काही थांबली नाही.

सीनाकाठ:
आपण दोघांनीही सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. दुहेरी शिलाईची गोष्ट आमच्या घरी सांगितली पाहिजे. आता रुंद झालेला मार्ग जुन्याच वाटेने जातो का?

रूळमापे:
बराचसा जुन्याच वाटेने जातो. मोठा फरक येडशीच्या पुढे आहे. जुना रूळ येडशीहून कसबे तडवळे, ढोकी असा परस्पर लातूरकडे जात असल्यामुळे जिल्ह्याचे ठिकाण असूनही उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, बाजूलाच राहिले होते. रुंदीकरण करताना मार्ग वळवून ते जोडून घेतले.

आडतकरांच्या मुद्द्याला मात्र मी एक जोड देतो. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी या जुन्या बार्शी लाईटच्याच वाटेने. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणल्या होत्या. अडीच फुटी रुळावर त्यांचे एक चाकही टेकले नसते.