‘इंग्रज गरिबाला सगळं फुकट मिळालं’ म्हणे!

नॉरफोकची सून: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, “युद्धानंतर इंग्रज गरिबाला दवाखाना, शाळा, दूध सगळं फुकट. गरिबी त्यांनी पाहिलीच नाही.” डोकं फिरलं. माझे सासरे इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्याचे, जन्म 1941 चा. वडील दुसऱ्याच्या शेतावर मजूर, राहायचं मालकाच्या घरात. काम सुटलं की घर खाली करा! त्या घरांना कायद्याचं खरं संरक्षण मिळालं थेट 1976 ला. संडास परसात. आंघोळ शनिवारी, पत्र्याच्या टबात, एकाच पाण्यात पाचजण. युद्धात रेशनवर नसलेला पाव 1946 ला रेशनवर आला. मांसाचं रेशन उठायला जुलै 1954 उजाडला.

भुसावळकर: रेशनचं काय सांगता? 1943 ला बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडून आपलं येणं असलेलं स्टर्लिंग, म्हणजे पौंड, लंडनला अडकून पडलं ते वेगळंच.

नॉरफोकची सून: बंगालचं सोळा आणे खरं. पण तो दुष्काळ नॉरफोकात बीट उपटणाऱ्याने आणला नव्हता.

जुना मास्तर: 1944 च्या कायद्याने तिथे माध्यमिक शाळेची फी गेली. माझ्या फीसाठी आमच्या आबांनी बैल विकला, ताई.

नॉरफोकची सून: फी गेली, पण अकराव्या वर्षी परीक्षा आली; पास होईल त्यालाच ग्रामर स्कूल, म्हणजे हुशार मुलांची निवडक माध्यमिक शाळा. सासरे पास झाले. तिथल्या गणवेशाच्या कोट-टोपीची यादी आली आणि वडील म्हणाले, नको. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, ट्रॅक्टरवर बसले. ते पत्र अजून बिस्किटाच्या डब्यात आहे.

लीड्सवाला: त्या परीक्षेला नावं ठेवू नका. तिच्यामुळेच कितीतरी मजुरांची पोरं वर आली.

नॉरफोकची सून: आणि जी नापास झाली त्यांचं काय? अकराव्या वर्षी कपाळावर शिक्का! दीर अजून म्हणतात, “मी मठ्ठच.” त्याच माणसाने तीन इंजिनं उघडून जोडलीत.

लीड्सवाला: एका दिरावरून देश ठरत नाही.

जुना मास्तर: कोटापायी शाळा सोडवली, हा बापाचाच दोष.

नॉरफोकची सून: त्या बापाला बोलायचं काम नाही! मुलांसाठीचा सरकारी भत्ता दुसऱ्या मुलापासून, आठवड्याला पाच शिलिंग. सासरे थोरले, त्यांच्या नावाने काहीच नाही.

जुना मास्तर: बापाबद्दलचा शब्द मागे घेतो. पण जे फुकट मिळालं तेही लिहा.

नॉरफोकची सून: लिहिते. 5 जुलै 1948 ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि आजेसासूबाईंना पहिल्यांदा स्वतःचा चष्मा मिळाला. तोवर त्या नवऱ्याचा लावून शिवायच्या.