दहावीचं गणित इंग्रजीत, पालक मराठी माध्यमाचे: घरी मदत कशी करावी?

पालक, डिचोली
मुलगी चौथीपर्यंत मराठीत शिकली, पाचवीपासून इंग्रजीत. आता गोवा बोर्डाची दहावी. तिचं पुस्तक आम्हांला समजत नाही. शिकवणीशिवाय काय करता येईल?

गणित शिक्षिका, फोंडा
ताई, गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीची आहेत. त्याच पुस्तकांची हिंदी आवृत्ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. देवनागरीत असल्याने तुम्हांला वाचता येईल. आकृत्या, उदाहरणं तीच. धडा शेजारी उघडून ठेवा. शब्द मात्र फसवतात: ‘द्विघात समीकरण’ म्हणजे आपलं वर्गसमीकरण, ‘समकोण त्रिभुज’ म्हणजे काटकोन त्रिकोण. अशा शब्दांची तीन रकान्यांची वही करा: इंग्रजी, हिंदी, मराठी.

मुलं बहुतेकदा अडतात ती शाब्दिक उदाहरणांत. गणित येतं, वाक्य कळत नाही. तिला उदाहरण आधी मराठीत सांगायला लावा: काय दिलंय, काय काढायचंय. मगच ‘क्ष’ धरायचा. उत्तर स्वतः तपासायला तुम्हांला गणित यायला हवं असं नाही. मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का, हे तिलाच दाखवायला सांगा.

पालक, पेडणे
आणि पायऱ्या गाळू देऊ नका. नुसतं उत्तर लिहिलं आणि तेच चुकलं, तर पायऱ्यांचे गुणही हातचे जातात.

गणित शिक्षिका, फोंडा
अगदी खरं. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या, पण चतुर्थीनंतर. त्याआधी धडेच झालेले नसतात आणि मूल उगाच खचतं.