कलल आणि अर्बुद

जुन्या संस्कृत ग्रंथांतील ‘कलल’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर ‘भ्रूण’ असे उत्तर दिले जाते. ते मला अपुरे वाटते. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीरासंबंधीच्या भागात, पहिल्या महिन्यातील गर्भाला कलल म्हटले आहे, तर गर्भोपनिषदात एका रात्रीचे ते कलल, सात रात्रींचे बुद्बुद (बुडबुडा) आणि पंधरवड्याच्या आत पिंड असा क्रम आहे; म्हणजे शब्द एकच असला तरी त्याची मुदत ग्रंथागणिक बदलते.

खरी फसगत पुढच्या शब्दांत होते. दुसऱ्या महिन्यात घट्ट झालेला गर्भ पिंडाकार असल्यास मुलगा, पेशी असल्यास मुलगी आणि अर्बुद असल्यास नपुंसक, असे सुश्रुत सांगतो; येथे पेशी आणि अर्बुद ही गर्भाच्या आकारांची नावे आहेत. (लिंगनिश्चिती गुणसूत्रांमुळे फलनाच्या वेळीच होत असल्याने हे अनुमान आज टिकत नाही.) आता पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक आणि अर्बुद म्हणजे गाठ, हेच अर्थ आपल्या कानावर असतात. नागपुरात महालातल्या आमच्या घरी असलेल्या जुन्या प्रतीत या ओळीतील ‘अर्बुद’ शब्दापुढे आजोबांनी निळ्या शाईने ‘गाठ?’ असे लिहून ठेवले आहे. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण त्याच संहितेच्या निदानस्थानात, म्हणजे रोगांच्या निदानाच्या भागात, अर्बुद हा शब्द गाठीच्या रोगासाठीच आला आहे.