हेप-जी-२ वर आयएल-६ टाकायच्या आधीच स्टॅट३ चा बँड येतोय, आणि एनएफ-कप्पा-बी चं नक्की काय?

सायबरचौकवाली

नमस्कार मंडळी. एमएस्सी सेकंड इयर, कोल्हापुरातच. प्रोजेक्ट आहे लिव्हर कॅन्सरच्या पेशी आणि इन्फ्लमेशन. काम म्हटलं तर साधंच, हेप-जी-२ पेशींवर (लिव्हरच्या गाठीतनं काढून लॅबमध्ये वाढवलेल्या) आयएल-६ हे सुजेचा निरोप नेणारं प्रोटीन टाकायचं, आणि स्टॅट३ या पेशीतल्या स्विचसारख्या प्रोटीनवर फॉस्फेट चढतंय का, म्हणजे तो चालू होतोय का, ते वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन पट्ट्यांसारखं दाखवणारी चाचणी) बघायचं. पण माझ्या ब्लॉटवर आयएल-६ न टाकलेल्या लेनमध्येपण बँड येतोय, टाकलेल्यात जरासाच जास्त, आणि बॅकग्राउंड तर काळंकुट्ट. त्याच्याआधी एलपीएस (बॅक्टेरियाच्या कवचातला रेणू) टाकून बघितलं, म्हटलं सूजच आणायची तर बॅक्टेरियाचंच घेऊया, तर पेशी आपल्या निवांत, ढिम्म काही झालं नाही.

दुसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि वाचून वाचून डोकं आउट झालंय. एका पेपरात एनएफ-कप्पा-बी (सुजेचे आणि पेशी जगवणारे जीन चालू करणारा प्रोटीन-स्विच) दाबला की उंदरांचा लिव्हर कॅन्सर कमी होतो, दुसऱ्यात त्याचा रस्ता बंद केला की वाढतो. दोन्ही नामांकित जर्नलमधले. सर म्हणतात तूच शोध. रात्री बारापर्यंत बसतो आणि सकाळी परत तिथंच.

जुनी_लॅबवाली

अगं आधी ब्लॉटचं बघू, सेमिनार नंतर.

पेशी सीरममध्ये (मीडियममध्ये घालतात ते रक्तातलं द्रव्य) वाढवतेस ना १० टक्के? त्या सीरममध्येच ग्रोथ फॅक्टर असतात, त्यामुळं स्टॅट३ आधीच थोडा चालू असतो. आयएल-६ टाकायच्या आधी रात्रभर सीरम काढून ठेव म्हणजे कंट्रोल लेन शांत होईल. आणि टाकल्यावर किती वेळानं पेशी फोडतेस ते लिहिलंच नाहीस, १५ ते ३० मिनिटांत बँड जोरात येतो आणि पुढं उतरायला लागतो, संध्याकाळी टाकून सकाळी बघायला गेलीस तर काय दिसणार. फोडायच्या बफरमध्ये ऑर्थोव्हॅनाडेट (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना अडवणारं) आहे का बघ, नाहीतर फॉस्फेट तुझ्या डोळ्यादेखत निघून जातं.

बॅकग्राउंड काळं म्हणतेस, ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडं चिकटू नये म्हणून मेंब्रेन झाकणं) दुधात केलंस का? कोल्हापूरचं दूध कितीबी भारी असू दे, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन, फॉस्फो अँटिबॉडी जाऊन त्यालाच चिकटते. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापर. महाग आहे, माहिताय, सरांच्या मागं लाग. आणि त्याच मेंब्रेनवर एकूण स्टॅट३ पण बघ, नुसत्या फॉस्फोच्या बँडवर कुणी विश्वास ठेवत नाही.

एलपीएसचं म्हणशील तर त्याला झटकन ओरडणाऱ्या पेशी म्हणजे मॅक्रोफेज. लिव्हरमध्ये ते काम कुप्फर पेशींचं. एलपीएस दिसलं की त्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असले सुजेचे निरोप बाहेर सोडतात आणि ते मग हेपॅटोसाइटवर, म्हणजे लिव्हरच्या मुख्य पेशीवर, जाऊन बसतात. तुझ्या प्लेटमध्ये कुप्फर आहेतच कुठं? टीएचपी-१ (रक्तातल्या मोनोसाइटसारख्या लॅबच्या पेशी) मिळत असतील तर त्यांना पीएमए नावाचं केमिकल देऊन मॅक्रोफेजसारख्या कर, त्यांना एलपीएस दे, आणि त्यांच्यावरचं मीडियम हेप-जी-२ वर टाक.

जाता जाता, हेप-जी-२ ला लोक सर्रास हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा (मोठ्यांचा नेहमीचा लिव्हर कॅन्सर) म्हणून लिहितात, पण ती लाइन अर्जेंटिनाच्या १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतली आहे आणि आता ती हेपॅटोब्लास्टोमा (मुख्यतः लहान मुलांचा लिव्हर कॅन्सर) धरतात. परीक्षक बाहेरचा असला की हमखास विचारतो. शक्य असेल तर एचयूएच-७ किंवा हेप-३-बी या दुसऱ्या लिव्हर कॅन्सरच्या लाइनपण जोडीला लाव.

पांढरारस्सा_पीएचडी

मॅडमनी ब्लॉटचं सगळं सांगितलंय, मी पेपरचं बघतो.

भावा दोन्ही बरोबर आहेत (भावा म्हटलं म्हणून रागावू नको, आपल्याकडं चालतंय). एनएफ-कप्पा-बी दाबला एवढं वाचून थांबायचं नाही, कुठल्या पेशीत दाबला आणि आजाराच्या कुठल्या टप्प्यावर दाबला ते मेथड्समध्ये जाऊन बघायचं, सगळी गंमत तिथं हाय. २००४ चा नेचरमधला जेरुसलेमचा पेपर घे. त्यांचे उंदीर एमडीआर-२ जीन नसलेले, म्हणजे पित्ताच्या त्रासानं लिव्हर महिनोन्महिने सुजलेलं आणि त्यातनं पुढं कॅन्सर. शेजारच्या पेशी टीएनएफ सोडतात, त्यानं हेपॅटोसाइटमधला एनएफ-कप्पा-बी चालू राहतो आणि बिघडलेली पेशी मरायची ती मरत नाही. त्यांनी तो उशिराच्या टप्प्यात बंद केला तर त्या पेशी मेल्या आणि गाठी पुढं सरकल्या नाहीत. टीएनएफ विरुद्धची अँटिबॉडी देऊनपण तसंच दिसलं.

आता २००५ चा सेलमधला, सॅन दिएगोचा, मायकेल करीन यांच्या लॅबचा. तिथं डीईएन नावाचं केमिकल देऊन कॅन्सर आणलाय, आणि हेपॅटोसाइटमधला आयकेके-बीटा, म्हणजे एनएफ-कप्पा-बी ला उठवणारा एन्झाइम, पहिल्यापासनंच काढलेला. मग झालं काय, डीईएन दिल्यावर चांगल्या पेशीच जास्त मेल्या, त्यांची जागा भरायला उरलेल्या पेशी धडाधड वाढायला लागल्या, डीएनए आधीच बिघडलेला, त्यामुळं गाठी वाढल्या. पण त्याच पेपरात खरी मजा पुढं आहे, आयकेके-बीटा हेपॅटोसाइटबरोबर कुप्फर पेशीतनंपण काढला तर गाठी कमी झाल्या! कारण मेलेल्या पेशी बघून वाढीचा सिग्नल सोडणारं तिकडं कुणी उरलंच नाही. त्या सिग्नलमध्ये आयएल-६ आला, म्हणजे तुझा प्रोजेक्टच की.

मग २००७ चा सायन्समधला वाच, त्याच लॅबचा. डीईएन दिलेल्या नर उंदरांना कॅन्सर जास्त, माद्यांना कमी, आणि आयएल-६ चा जीन काढला की हा फरक जातो. इस्ट्रोजेन कुप्फर पेशींचं आयएल-६ दाबून ठेवतं असं निघालं. माणसांतपण लिव्हर कॅन्सर पुरुषांना बायकांच्या दोन ते तीन पट होतो, अर्थात त्यात दारू आणि हिपॅटायटिसचापण वाटा आहे, सगळं एका प्रोटीनवर ढकलू नको नाहीतर प्रश्नोत्तरांत सापडशील.

गडहिंग्लजकर

मी सायन्सवाला नाही, दुकान आहे माझं, पण वाचतोय सगळं. आमच्या काकांना शुगर, त्यात फॅटी लिव्हर निघालंय, दारूचा थेंब नाही माळकरी माणूस, आणि रिपोर्टमध्ये सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) वाढलाय. आता तुम्ही म्हणताय आयएल-६ मुळं कॅन्सरच्या गाठी वाढतात, तर मग ते आयएल-६ बंद करायचं औषध सरळ देत का नाहीत हो? का महाग असतंय म्हणून सांगत नाहीत?

जुनी_लॅबवाली

गडहिंग्लजकर दादा, घाबरू नका. सीआरपी लिव्हरच बनवतं आणि मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरनं, पण ते आयएल-६ कुठनंपण आलेलं असू शकतं, दाढ सुजली, छातीत कफ झाला, नुसतं वजन जास्त असलं तरी. सीआरपी वाढला म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही.

औषध आहे, टोसिलिझुमॅब, आयएल-६ चा रिसेप्टर अडवतं. संधिवातात देतात, कोविडमध्येपण गंभीर पेशंटना दिलं. पण लिव्हर कॅन्सर होऊ नये म्हणून ते देत नाहीत, आणि महाग आहे हे खरं असलं तरी कारण ते नव्हे. आयएल-६ लिव्हरला लागतं. १९९६ चं काम आहे, आयएल-६ नसलेल्या उंदरांचं लिव्हर अर्धंअधिक कापलं तर ते नीट परत वाढेना, लिव्हर फेल व्हायला लागलं. टोसिलिझुमॅबनं काही पेशंटच्या लिव्हरलाच इजा झाल्याची वॉर्निंगपण आहे. थोडा वेळ आलं आणि गेलं तर दुरुस्ती, मुक्काम ठोकला की त्रास. काकांची शुगर, वजन आणि हिपॅटायटिस बी-सी ची तपासणी एवढं डॉक्टरांकडनं बघून घ्या. आणि बुरशी लागलेले शेंगदाणे घरात कुणालाच देऊ नका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन लिव्हर कॅन्सरचं पक्कं कारण आहे, वाया जातील म्हणून कुटात ढकलायचे नाहीत.

पांढरारस्सा_पीएचडी

मॅडम मुक्काम ठोकला म्हणाल्या त्यावर एक स्लाइड कर सायबरचौकवाली. स्टॅट३ चालू झाला की तोच सॉक्स-३ चा जीन चालू करतो आणि सॉक्स-३ जाऊन जॅकला (स्टॅट३ वर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमला) गप्प बसवतो. म्हणजे सिग्नल स्वतःचा ब्रेक स्वतः बनवतो, तुझा बँड पुढं उतरतो त्यात ह्याचा हात मोठा. बऱ्याच लिव्हर कॅन्सरमध्ये सॉक्स-३ चा जीन मिथाइलेशननं (डीएनएवर रासायनिक खुणा चढून) बंद पडलेला सापडतो. आणि २००९ मध्ये फ्रान्सच्या गटानं लिव्हरच्या सुजट अडिनोमात (कॅन्सर नसलेल्या गाठीत) आयएल-६ च्या रिसेप्टरचा जोडीदार जीपी-१३० च बदललेला दाखवला, तिथं आयएल-६ नसलं तरी स्टॅट३ आपला चालूच. हे सांगितलंस तर सर खुश.

आणि सिग्नल अडवून लिव्हर कॅन्सरचा उपचार होतो का असं कुणी विचारलं तर बेव्हासिझुमॅब सांग, ते व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या फुटवणारा सिग्नल) अडवतं, अटेझोलिझुमॅब या दुसऱ्या औषधाच्या जोडीनं २०२० पासनं देतात.

सायबरचौकवाली

लई लई थँक्यू दोघांना. दुधातच ब्लॉक केलंवतं 😭 बफरमध्ये व्हॅनाडेट आहे पण बाटली कधीची आहे देव जाणे, लेबल पुसलंय. टीएचपी-१ आमच्याकडं नाहीत, शेजारच्या डिपार्टमेंटला विचारतो. आता ०, १५, ३० मिनिटं आणि २ तास असं लावायचं ठरवलंय, रात्रभर सीरम काढून. मॅडम आयएल-६ किती टाकू, २० नॅनोग्रॅम पर एमएल चालेल?

जुनी_लॅबवाली

चालेल. १० नं पण दिसेल, व्हायल लवकर संपवू नकोस. छोटे भाग करून मायनस ८० ला ठेव, परत परत वितळवायचं नाही. आणि व्हॅनाडेट नवीन बनव.